दिल्ली व परिसरातील मराठ्यांच्या अपरिचित खुणा

दिल्ली पाहण्यास जाणाऱ्या महाराष्ट्रातील प्रवाशाला लाल किल्ला, कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर ही नावे पाठ असतात. मात्र १७८४ ते १८०३ या काळात, मधला थोडा अवधी वगळता, याच शहराची सूत्रे मराठ्यांच्या हाती होती, हे सांगणारी भव्य वास्तू त्याच्या सहलीच्या यादीत नसते. महादजी शिंदे यांची छत्री पुण्यात वानवडी येथे आहे. दिल्लीतील खुणा मात्र शोधाव्या लागतात आणि त्या भलत्याच ठिकाणी सापडतात.

त्यांतील सर्वांत अनपेक्षित खूण यमुनेपलीकडे, नोएडा येथील गोल्फ मैदानाच्या हिरवळीवर आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजजवळ जनरल लेक यांच्या नेतृत्वाखालील इंग्रज फौज आणि दौलतराव शिंदे यांची कवायती पलटणे यांच्यात लढाई झाली. शिंद्यांच्या बाजूचे नेतृत्व लुई बोर्किन या फ्रेंच सरदाराकडे होते. तोफांच्या आश्रयाने उभी असलेली ही फौज हलविणे कठीण आहे हे ओळखून लेक यांनी घोडदळ मागे घेतल्याचे सोंग केले. शत्रू पळतो आहे असे समजून शिंद्यांचे सैनिक आपली भक्कम जागा सोडून पुढे आले आणि इंग्रज पायदळाने त्यांच्यावर चाल केली. पाठीशी यमुना असल्याने माघारीची वाटही बिकट होती. या एका दिवसाने दिल्ली व वृद्ध बादशहा शाहआलम इंग्रजांच्या ताब्यात गेले. याच महिन्यात, २३ सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे व नागपूरकर भोसले यांचा पराभव झाला. शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब सोडून दिल्याचा तह ३० डिसेंबर १८०३ रोजी झाला तो सुर्जी-अंजनगाव येथे, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात. दिल्लीच्या भवितव्यावर विदर्भात शिक्कामोर्तब झाले, हे आपल्याकडेही फार थोड्यांना ठाऊक असते.

नोएडा येथील स्मारकस्तंभ १९१६ मध्ये, म्हणजे इंग्रजी अमदानीत उभारण्यात आला. साहजिकच तो जेत्यांचे स्मरण करतो. रणांगणावर पडलेल्या मराठी फौजेतील सैनिकांसाठी तेथे वेगळा दगड असता तर बरे झाले असते. स्तंभ गोल्फ क्लबच्या आवारात असल्याने तो पाहण्यासाठी प्रवेशद्वारापाशी परवानगी मागणे इष्ट.

लाल किल्ल्यातील खूण याच्या उलट आहे; तेथे जे नाही तेच पाहावयाचे आहे. दिवाण-इ-खासचे छत एकेकाळी चांदीने मढविलेले होते. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा फौजेच्या खर्चासाठी पैसा उरला नव्हता. भाऊंनी ते चांदीचे छत काढून त्याचे रुपये पाडले. ही रक्कम नऊ लाखांच्या आसपास असल्याचे सांगितले जाते. आज दिसणारे रंगविलेले लाकडी छत विसाव्या शतकातील डागडुजीचे आहे. पुढे १७८८ मध्ये याच किल्ल्यात गुलाम कादिर याने शाहआलमचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने किल्ला परत घेऊन आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसविले.

दक्षिण दिल्लीतील कालकाजीचे मंदिर देवीभक्तांना परिचित आहे. आज दिसणाऱ्या मंदिराचा सर्वांत जुना भाग १७६४ ते १७७१ च्या दरम्यान मराठ्यांनी बांधला असावा, असे मानले जाते. त्याहीपूर्वी, मार्च १७३७ मध्ये, पहिले बाजीराव पेशवे मोगल सेनापतींना हुलकावणी देऊन दिल्लीवर धडकले ते या देवीच्याच परिसरात. नंतर त्यांनी तळ हलविला आणि तालकटोऱ्याच्या बाजूस मोगल फौजेशी त्यांची चकमक झाली. त्याच तालकटोरा स्टेडियममध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. दिल्लीत यापूर्वीचे संमेलन १९५४ मध्ये झाले होते. त्याचे अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते.

शहराच्या उत्तरेस बुराडी ही आज दाट वस्ती आहे. मराठी वाचकाला ती ‘बुराडी घाट’ म्हणून आठवेल. १० जानेवारी १७६० रोजी, ऐन मकरसंक्रांतीच्या दिवशी, दत्ताजी शिंदे येथे यमुनाकाठी लढताना पडले. जखमी अवस्थेतही पुन्हा लढण्याची भाषा करणारे दत्ताजी शाळकरी मुलांनाही माहीत असतात. ते स्थळ दिल्लीच्या हद्दीत आहे, याचा मात्र विसर पडलेला असतो.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्राची सीमा तर आणखी दूर जाते. हरियाणातील पानिपत आणि राजस्थानातील अलवर हे दोन्ही जिल्हे त्यात मोडतात. १ नोव्हेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या उत्तरेतील कवायती फौजेचा शेवट झाला ती लासवारीची लढाई अलवर जिल्ह्यातच झाली. दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवरील पानिपत एका दिवसात पाहून परतता येते. १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामाची आठवण देणारे काला आंब स्मारक तेथे आहे. ज्या आंब्यावरून हे नाव पडले तो आता नाही; त्या जागी विटांचा स्तंभ उभा आहे.

मथुरेकडून नवी दिल्लीस येणाऱ्या प्रवाशांनी स्थानकापूर्वी खिडकीबाहेर लक्ष ठेवावे. टिळक ब्रिज आणि शिवाजी ब्रिज ही दोन छोटी स्थानके लागोपाठ येतात. पूर्वी त्यांची नावे हार्डिंज ब्रिज आणि मिंटो ब्रिज अशी होती. बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या तेथे थांबत नाहीत, त्यामुळे पाट्या वाचण्यास थोडी चपळाई लागते.