काटकोन त्रिकोण
ज्या त्रिकोणाचा एक कोन ९०° असतो तो. काटकोनासमोरची, सर्वांत लांब बाजू म्हणजे कर्ण. उरलेल्या दोन बाजूंना भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) भुज आणि कोटि म्हटले आहे. शालेय भूमितीत याच बाजू लघुकोनाच्या संदर्भाने संमुख व लगतची बाजू होतात. कर्ण हा शब्द मात्र आजही तोच टिकला, याचा आनंद वाटतो. कंपासपेटीतले दोन्ही गुण्ये याच आकाराचे. ठाणे, कल्याण-डोंबिवलीत पायाची आखणी करताना गवंडी कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर, दुसरीवर ४ फुटांवर खूण करतो; खुणांमधले तिरके अंतर ५ फूट भरले की कोपरा काटकोनात, कारण ९ + १६ = २५. दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज म्हणजे कर्णाचा वर्ग, या प्रमेयाला नाव पायथागोरसचे. शुल्बसूत्रे या प्राचीन भारतीय ग्रंथांत तेच नाते दोरीच्या भाषेत सांगितले आहे.