एफ/१.४ : अंधाऱ्या खोलीत शिरलेल्या भिंगाचा इतिहास

१/ पन्नास मिलिमीटरचे, एफ/१.४ छिद्राचे भिंग. छायाचित्रणाची आवड असणाऱ्या बहुतेकांनी हे नाव ऐकलेले असते. ते विकत घेण्यापूर्वी आपण काही ठरलेल्या कसोट्या लावतो: चित्र कडांपर्यंत किती रेखीव येते, पार्श्वभूमी किती मऊ विरघळते, किंमत किती. हे भिंग घडले ते मात्र वेगळ्याच गरजेतून. ती गरज कोणती होती, आणि ती कळल्यावर जुनी छायाचित्रे वाचण्याची आपली रीत कशी बदलते, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ आधी संज्ञा. ज्याचे नाभीय अंतर बदलता येत नाही ते प्राइम भिंग. ज्याचे नाभीय अंतर चित्रचौकटीच्या कर्णाच्या जवळपास असते ते स्टँडर्ड. ३५ मिमी फिल्मवरील २४ × ३६ मिमी चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिमी भरतो. व्यवहारात रूढ झाले ते ५० मिमी. ‘वेगवान’ म्हणजे मोठ्या छिद्राचे. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-आकडा मिळतो. ५० मिमी एफ/१.४ चे छिद्र सुमारे ३६ मिमी रुंद असते.

३/ हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश अधिक. आणि प्रकाश अधिक म्हणून शटर उघडे ठेवण्याचा अवधी कमी. एफ/१.४ हे एफ/२ च्या दुप्पट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे एफ/२ ला एक सेकंद लागेल, तिथे याला अर्धा पुरेल. हा अर्धा सेकंद किरकोळ वाटेल. छायाचित्रणाच्या पहिल्या शंभर वर्षांतले बरेचसे झगडे अशाच सेकंदांसाठी झाले.

४/ १८३८ साली दागेर यांनी पॅरिसमधील ‘बूलवार द्यू तांप्ल’ या रस्त्याचे चित्र घेतले. रस्ता गजबजलेला असणार, पण चित्रात तो जवळपास ओस आहे. अवधी काही मिनिटांचा असल्याने चालती माणसे आणि गाड्या उमटल्याच नाहीत. स्पष्ट उमटला तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे चित्र पहिल्या दिवशीच पाहावे: कॅमेऱ्याला जे दिसले नाही, ते तिथे नव्हते असे नाही.

५/ दागेर यांच्या पद्धतीची पहिली भिंगे एफ/१५ च्या आसपासची. माणसाचे चित्र घ्यायचे तर त्याला उन्हात निश्चल बसवावे लागे. १८४० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी सुमारे एफ/३.६ चे भिंग गणिताने रचले. त्यातील प्रचंड आकडेमोडीसाठी ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील गणित जाणणारे सैनिक त्यांना देण्यात आले होते. फोक्टलँडर यांनी ते भिंग घडवले. प्रकाश सुमारे सोळा पट वाढला आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले.

६/ या वेगाची किंमतही होती. पेट्झवाल भिंगाचे चित्र मध्यभागी रेखीव आणि कडांकडे विसविशीत होत जाई. निसर्गदृश्यासाठी हा दोष मोठा. व्यक्तिचित्रासाठी चालून जाण्याजोगा, कारण चेहरा मध्यभागी असतो. भिंगाचे मूल्यमापन त्याच्या कामाशी जोडूनच करावे लागते, हा धडा तेव्हाचा आहे.

७/ आपल्याकडे मुंबईत १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळात चित्र घ्यायचे म्हणजे मोकळे अंगण, व्हरांडा किंवा काचेतून भरपूर उजेड येणारा स्टुडिओ हवा. म्हणूनच जुन्या कौटुंबिक छायाचित्रांत खुर्चीवर ताठ बसलेले आजोबा दिसतात, पण माजघर बहुधा दिसत नाही. चुलीपुढचा धूर, जात्यावरचे हात, दिव्याखालची बाळंतिणीची खोली ही दृश्ये विरळा.

८/ याचे सारे खापर भिंगावर फोडता येणार नाही. कोणाचे चित्र घ्यायचे, घराच्या कुठल्या भागापर्यंत परक्याला येऊ द्यायचे, हे समाज ठरवत होता. परंतु सामाजिक मर्यादा ओलांडायला कोणी तयार झाला असता, तरी पुढे अंधार उभा होता. बायकांचे बहुतेक काम जिथे चाले, त्याच खोल्या घरात सर्वांत कमी उजेडाच्या. दस्तऐवजांतील पोकळी कधी कधी अशी दुहेरी असते.

९/ मग अंधारावर कृत्रिम उजेड का नाही? तोही आला. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमयुक्त फ्लॅश पावडर तयार झाली. न्यूयॉर्कमधील पत्रकार जेकब रीस यांनी ती वापरून गरीब वस्त्यांतील कोंदट खोल्यांची चित्रे घेतली आणि १८९० मध्ये पुस्तक काढले. त्या चित्रांनी समाजाला हलवले. मात्र झगमगाट आणि धूर यांमुळे खोलीतला प्रत्येक जण दचकतो. त्या क्षणी आपल्याला खोली दिसते, पण ती छायाचित्रकार येण्याआधीची खोली नसते.

१०/ म्हणजे हवे होते असे भिंग, जे आहे त्या उजेडात, न सांगता पाहू शकेल. अडचण काचेतच होती. १८९६ मध्ये त्साइस कंपनीच्या पाउल रुडॉल्फ यांनी ‘प्लानार’ रचले. रचना उत्तम, पण काच आणि हवा यांच्या सीमा आठ. अशा प्रत्येक सीमेवर चार-पाच टक्के प्रकाश परावर्तित होतो. आठ सीमांवर मिळून जवळपास तीस टक्के प्रकाश वाया, आणि त्यातला काही आतल्या आत उसळून चित्रावर पांढुरका पडदा धरणार. त्यामुळे १९०२ चे साधे, कमी वेगाचे ‘टेसार’ अधिक लोकप्रिय झाले.

११/ कोंडी फुटली ड्रेस्डेनमध्ये. एर्नेमान कंपनीतील लुडविग बेर्टेले या विशीतल्या तरुणाने ‘एर्नोस्टार’ रचले. १९२४ मध्ये ते ‘एर्मानॉक्स’ या लहान कॅमेऱ्यावर आले: नाभीय अंतर १०० मिमी, छिद्र एफ/२, आणि ४.५ × ६ सेंमीच्या काचपट्ट्या. लवकरच एफ/१.८ चे रूपही आले. विजेच्या दिव्यांच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, घरातले चित्र आता शक्य झाले.

१२/ हा कॅमेरा हाती घेतला एरिश सालोमन यांनी. बर्लिनचे ज्यू कुटुंब, शिक्षण कायद्याचे, वय चाळिशीपुढचे. १९२८ मध्ये बर्लिनमधील एका गाजलेल्या खून खटल्याची त्यांनी गुपचूप घेतलेली चित्रे प्रसिद्ध झाली. कॅमेरा कधी टोपीत, कधी बॅगेत. पुढे १९३२ मध्ये हाताला खोटी झोळी बांधून त्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज चालू असताना चित्र घेतले. फ्रेंच मुत्सद्दी ब्रियां त्यांना चोरून पाहणाऱ्यांचा राजा म्हणत.

१३/ १९३० च्या हेग परिषदेतले त्यांचे एक चित्र जरूर शोधून पाहा. रात्र उलटत आली आहे. युरोपचे भवितव्य ठरवणारे मंत्री खुर्च्यांत पेंगत आहेत. अधिकृत छायाचित्रांतला रुबाब उतरला आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या वाटाघाटींचा तपशील कागदपत्रांत मिळतो. वाटाघाटी करणाऱ्यांचा थकवा इथे मिळतो.

१४/ येथे एक बारकावा. काचपट्ट्यांची संवेदनशीलता कमी असल्याने एफ/२ असूनही सालोमन यांना अनेकदा सेकंदाच्या मोठ्या अंशाइतका अवधी द्यावा लागे, कॅमेरा तिवईवर ठेवावा लागे. म्हणून माणसे स्तब्ध होण्याची ते वाट पाहत: ऐकताना, विचारात असताना, पेंगताना. त्यांच्या चित्रांत राजकारणी इतके अंतर्मुख दिसतात, त्यात त्यांच्या स्वभावाचा भाग किती आणि शटरचा किती, हे विचारायलाच हवे.

१५/ दुसरा प्रश्न संमतीचा. जिथे कॅमेऱ्याला मनाई होती तिथे तो नेणे योग्य होते का? सत्ताधीशांना बेसावध पाहणे हा नागरिकांचा हक्क मानला, तरी खुनाच्या खटल्यातला आरोपी सत्ताधीश नसतो. वेगवान भिंगाने हा प्रश्न प्रथमच इतक्या तीव्रतेने उभा केला, आणि तो आजही मिटलेला नाही. सालोमन स्वतः हिटलरच्या सत्ताग्रहणानंतर नेदरलँड्समध्ये राहिले. १९४४ मध्ये औश्विट्झ येथे नाझींनी त्यांची हत्या केली.

१६/ बेर्टेले यांनी पुढे ‘झोनार’ रचले. १९३२ च्या ‘कॉन्टॅक्स’ कॅमेऱ्यासाठी ते ५० मिमी एफ/१.५ मध्ये मिळू लागले. सात काचा, पण तीन गटांत घट्ट चिकटवलेल्या. त्यामुळे काच आणि हवेच्या सीमा अवघ्या सहा. आज आपल्याला परिचित असलेले वेगवान स्टँडर्ड भिंग हे इथून पुढचे. काचपट्टीच्या जागी फिल्मचा गुंडाळा आला, आणि एकापाठोपाठ एक चित्रे घेता येऊ लागली.

१७/ १९३५ मध्ये त्साइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिपातळ लेप देऊन परावर्तन घटवण्याची पद्धत शोधली. प्रारंभी ती लष्करी गुपित म्हणून राखली गेली. महायुद्धानंतर लेप सर्वत्र आला, आणि अनेक सीमांमुळे मागे पडलेली जुन्या प्लानारची घडण पुन्हा पुढे आली. आजच्या बहुतेक ५० मिमी एफ/१.४ भिंगांचे कूळ तिथे पोहोचते. रचना तीच, फक्त तिच्या दोषावरचा उपाय चाळीस वर्षांनी सापडला.

१८/ १९५० मध्ये ‘लाइफ’चे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी टोकियोत जपानी निक्कोर भिंगाने घेतलेले एक व्यक्तिचित्र पाहिले, भिंगे स्वतः तपासली आणि कोरियन युद्धात वापरली. जर्मन काचेच्या श्रेष्ठत्वाबद्दलची खात्री तिथे डळमळली. त्याच वर्षी निक्कोरचे ५० मिमी एफ/१.४ आले. वेगाची शर्यत पुढेही चालली: नासासाठी त्साइसने बनवलेली ५० मिमी एफ/०.७ भिंगे मिळवून स्टॅनली कुब्रिक यांनी १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मधील प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले.

१९/ आता आजच्या काळाकडे. एफ/१.४ वर दोन मीटरवरील माणूस टिपला, तर चित्रात रेखीव राहणारा पट्टा जेमतेम तेरा सेंटीमीटर खोल असतो. डोळे स्पष्ट, मागचे सारे धूसर. पेट्झवाल ते बेर्टेले या सर्वांसाठी ही वेगाची किंमत होती. आज सेन्सर इतके संवेदनशील झाले आहेत की अंधारासाठी असे भिंग अनेकांना लागत नाही. ते घेतले जाते मुख्यतः त्या धूसरतेसाठी. ‘बोके’ हा जपानी शब्द १९९७ नंतर इंग्रजी नियतकालिकांतून जगभर पसरला, आणि फोन आता तीच धूसरता गणिताने तयार करतात.

२०/ या बदलात इतिहासाच्या दृष्टीने एक नुकसान दडलेले आहे. हे भिंग खोली दिसावी म्हणून जन्मले. आता बहुधा खोली दिसू नये म्हणून वापरले जाते. संशोधकाला जुन्या छायाचित्रात सर्वाधिक सापडते ते पाठीमागे: भिंतीवरचे कॅलेंडर, फडताळातली भांडी, दाराशी रेंगाळलेले मूल, दुकानाची पाटी. आपल्या नातवंडांना आपले चेहरे अत्यंत रेखीव मिळतील. घरे मात्र मिळतीलच असे नाही.

२१/ म्हणून वेगवान भिंग जोखताना नेहमीच्या कसोट्यांत आणखी दोन जोडाव्यात. पहिली: पूर्वी जिथे चित्र शक्य नव्हते अशा कुठल्या जागी हे मला नेईल? दुसरी: पूर्ण उघडल्यावर हे माझ्या चित्रातून काय पुसेल? आणि जुने छायाचित्र वाचताना तीन प्रश्न: उजेड कुठून आला, माणसे किती वेळ स्थिर होती, कॅमेरा आहे हे त्यांना माहीत होते का?

२२/ शेवटी एक विनंती. येत्या सणाला घरी कॅमेरा बाहेर काढाल, तेव्हा देवघरापुढच्या समईच्या उजेडात आजीचे एक चित्र एफ/१.४ वर जरूर घ्या. भिंग त्यासाठीच आहे. मग तिला विचारून, दिवा लावून, छिद्र एफ/८ वर आणा आणि ती रोज वावरते त्या स्वयंपाकघराचे एक चित्र तिच्यासह घ्या. मागे तारीख आणि नावे लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक ते दुसरे चित्र अधिक वेळ न्याहाळेल. धागा आवडल्यास पुढे पाठवा.