पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या सूचकांचा शोध : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

पुरःस्थ ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, हिच्या कर्करोगाचे रक्तातील सूचक शोधण्याच्या प्रयत्नांचा इतिहास सुमारे नऊ दशकांचा आहे. सूचक अवयवाचा की रोगाचा, हा प्रश्न या इतिहासात वारंवार उपस्थित झाला आणि वारंवार बाजूला ठेवला गेला, असे दिसून येते.

आम्ल फॉस्फेटेजचा काळ

१९३५ मध्ये कुचर व वोल्बर्ग्स यांना या ग्रंथीत आम्ल फॉस्फेटेज हे विकर विपुल प्रमाणात आढळले. १९३८ मध्ये अलेक्झांडर व एथेल गटमन यांनी कर्करोग शरीरात पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात त्याचे प्रमाण वाढत असल्याचे दाखविले. १९४१ मध्ये शिकागो येथील चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी याच विकराच्या चढउतारावरून पुरुषी संप्रेरकांचा पुरवठा तोडल्यास रोग मागे हटतो, हे सिद्ध केले. हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि हे विकर वाढलेले दिसेपर्यंत बहुधा रोग हाडांपर्यंत पोहोचलेला असे. उपचाराचा परिणाम मोजण्यास ते उपयोगी, वेळीच निदान करण्यास अपुरे ठरले.

पीएसए : सूचकाची अतिव्याप्ती

१९७० मध्ये रिचर्ड ॲब्लिन व सहकाऱ्यांनी या ग्रंथीतील विशिष्ट प्रतिजनांचे वर्णन केले. १९७९ मध्ये बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेतील वांग, चू व सहकाऱ्यांनी पीएसए हे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. वीर्य पातळ ठेवणे हे या प्रथिनाचे नैसर्गिक कार्य. ते निरोगी ग्रंथीतही तयार होते आणि ग्रंथीची साधी वाढ किंवा दाह असला तरी रक्तात वाढते. स्टॅनफर्डच्या थॉमस स्टॅमी यांच्या १९८७ च्या ज्या निबंधाने पीएसएला प्रतिष्ठा मिळवून दिली, त्याच निबंधात साध्या ग्रंथीवृद्धीच्या रुग्णांतही ते वाढलेले असल्याची नोंद आहे. इशारा लपलेला नव्हता. तो वाचला गेला नाही, एवढेच.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८६ मध्ये ही चाचणी केवळ ज्ञात रुग्णांच्या देखरेखीसाठी मान्य केली होती. १९९१ मध्ये विल्यम कॅटालोना यांचा १,६५३ पुरुषांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला आणि १९९४ मध्ये निदानासाठीही मान्यता मिळाली. दर मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा रूढ झाली. २००४ मध्ये इयन थॉम्पसन व सहकाऱ्यांनी या मर्यादेच्या आतील २,९५० पुरुषांच्या बायोप्सी तपासल्या, तेव्हा सुमारे १५ टक्के व्यक्तींत कर्करोग आढळला. म्हणजे ती मर्यादा निरोगी व रोगी यांच्यातील सीमारेषा नव्हतीच.

२००९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. युरोपीय चाचणीत मृत्यूंत सुमारे २० टक्के घट दिसली. परंतु एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० पुरुषांची तपासणी व ४८ जादा रुग्णांवर उपचार करावे लागत होते. अमेरिकी चाचणीत लाभ आढळला नाही. मात्र तिच्या तुलना गटातील अनेकांनी बाहेर पीएसए तपासून घेतले होते, हे विसरता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर मूत्रनियंत्रण किंवा लैंगिक क्षमता गमावलेल्या, पण कदाचित त्या रोगाने कधीच दगावले नसते अशा पुरुषांचा हिशेब या आकड्यांत दडलेला आहे. २०१० मध्ये स्वतः ॲब्लिन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सरसकट चाचणीवर कठोर टीका केली.

नव्या सूचकांकडे

यानंतरच्या संशोधनाने कर्कपेशीतच घडणाऱ्या बदलांकडे लक्ष वळविले. १९९९ मध्ये पीसीए३ या जनुकाचे वर्णन झाले. त्याचा आरएनए मूत्रात मोजता येतो. २००५ मध्ये मिशिगन विद्यापीठातील अरुल चिन्नैयान यांच्या गटाने दोन जनुकांचे संमीलन दाखविले, जे या कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत आढळते. २००९ मध्ये बराच गाजलेल्या सार्कोसिनला मात्र पुढील स्वतंत्र अभ्यासांत तितका दुजोरा मिळाला नाही.

पीसीए३ चाचणीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली, तीही मर्यादित : आधीच्या बायोप्सीत रोग न आढळलेल्या पुरुषाची बायोप्सी पुन्हा करावी की नाही, एवढे ठरविण्यापुरती. त्याच वर्षी तेथील प्रतिबंधक सेवा कृतिदलाने पीएसएद्वारे सरसकट तपासणी करू नये, असा सल्ला दिला. २०१८ मध्ये तो बदलून ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी लाभहानीची चर्चा करून स्वतः निर्णय घ्यावा, असे सांगण्यात आले.