जिवंत रंगाचा मागोवा

1824 च्या ऑक्टोबरात कित्तूरच्या किल्ल्यापाशी धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि त्याचे दोन तरुण सहायक राणी चन्नम्माच्या कैदेत पडले. त्यांतल्या एकाचं नाव वॉल्टर इलियट, वय 21. सुटकेनंतर तो बरीच वर्षं दक्षिण मराठा मुलखातच होता. 1839 मध्ये त्याने त्या मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली आणि प्राणिशास्त्रात त्याचं नाव झालं. पण आजच्या विषयापुरता इलियट महत्त्वाचा आहे तो नंतरचा, मद्रास इलाख्याच्या उत्तर किनाऱ्यावर बदली झालेला. विशाखापट्टणमजवळच्या वॉल्टेअरला तो ओहोटीच्या वेळी सापडणाऱ्या, शंख नसलेल्या समुद्री गोगलगायी जमवू लागला. सी-स्लग किंवा न्युडिब्रँक म्हणतात ते हेच प्राणी. काही बोटभर, तर काही तांदळाच्या दाण्याएवढे.

हे प्राणी जमवणाऱ्याला एक अडचण हमखास येते. स्पिरिटमध्ये टाकला की प्राणी आक्रसतो, पाठीवरचा कल्ल्यांचा तुरा आत ओढला जातो आणि निळा, केशरी, जांभळा असा जो काही रंग असेल तो उतरतो. बाटलीत उरतो एक पांढुरका गोळा. शंख नाही, म्हणजे मागे टिकणारं कठीण असंही काही नाही. म्हणून इलियटने स्थानिक चित्रकाराकडून प्राणी जिवंत असतानाच त्यांची रंगीत चित्रं काढून घेतली. बाटल्या आणि चित्रं दोन्ही इंग्लंडला गेली. न्यूकॅसलच्या जोशुआ ऑल्डर आणि ऑल्बनी हॅनकॉक या दोघांनी त्यांवरून 1864 मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात भारतातल्या या प्राण्यांवर निबंध छापला. एका नव्या प्रजातीला त्यांनी त्या किनाऱ्याचंच नाव दिलं: कलिंगा ऑर्नाटा. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे या नावापुढे ऑल्डर आणि हॅनकॉक यांची नावं लागतात, चित्रकाराचं लागत नाही.

माझ्या मते आपल्याकडच्या सूक्ष्म सागरी छायाचित्रणाचा मूळपुरुष हा चित्रकार आहे. पुढे कॅमेरा, भिंग, फ्लॅश, पेटी असं बरंच काही आलं, पण काम तेच राहिलं: प्राणी मरण्याआधी त्याचा रंग आणि आकार उतरवून ठेवणं.

कॅमेरा पाण्याखाली नेण्याचं पहिलं गंभीर काम फ्रान्सच्या दक्षिणेला बान्यूल्स इथल्या सागरी प्रयोगशाळेत झालं. लुई बूतां हा मृदुकाय प्राण्यांचा अभ्यासक. 1893 मध्ये त्याने आपल्या इंजिनियर भावाकडून जलाभेद्य पेटी करवून घेतली आणि पाणबुड्याचा जड पोशाख चढवून तो तळाशी उतरला. एकेका चित्राला अर्धा अर्धा तास लागे. इतक्या वेळात जो हलला तो पुसला गेला. उजेड कमी पडतो म्हणून त्याने ऑक्सिजन भरलेल्या पिंपावर स्पिरिटचा दिवा ठेवला आणि त्यावर मॅग्नेशियमची भुकटी फुंकण्याची सोय केली. 1899 पर्यंत तो विजेचे दिवे पाण्यात सोडू लागला होता. इतक्या खटाटोपातून मिळाली ती मुख्यतः माणसाची आणि तळाची चित्रं. बारीक जीव त्याच्या कॅमेऱ्याच्या आवाक्यात आले नाहीत.

ते आवाक्यात आणणारं भिंग समुद्रासाठी बनलंच नव्हतं. जपानमध्ये कागदपत्रांच्या मायक्रोफिल्म काढताना कांजी लिपीतल्या दाट अक्षरांच्या रेघा एकमेकींत मिसळत. त्या सुट्या दिसाव्यात यासाठी टोकियोच्या प्राध्यापक कोआना यांच्या आग्रहावरून निकॉनने 1956 मध्ये मायक्रो-निक्कॉर हे भिंग काढलं. ग्रंथपालांसाठी घडवलेल्या या भिंगाचे वंशज पुढे काचेमागून गोगलगायीच्या डोक्यावरची, वास घेणारी शिंगं टिपू लागले. मला या साऱ्या वंशावळीतला हा दुवा सर्वांत आवडतो.

दुसरा दुवा झाँ द वूतेर या बेल्जियन इंजिनियरचा. फ्रेंच समुद्रसंशोधक कूस्तोच्या मंडळींसाठी त्याने कॅलिप्सो हा कॅमेरा केला. त्याला पेटीची गरज नव्हती, तो स्वतःच जलाभेद्य होता. 1963 मध्ये निकॉनने तो निकोनोस या नावाने बाजारात आणला. या कॅमेऱ्यातून बघताना नेमका फोकस कुठे आहे ते दिसत नसे. त्यावर उपाय निघाला तो असा: भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक नळी बसवायची आणि पुढे तारेची चौकट लावायची. चौकटीत येईल ते स्पष्ट. प्रतिमा मूळ आकाराएवढी हवी असेल, तर ही चौकट जेमतेम 24 बाय 36 मिलिमीटरची. तारेची चौकट अंगाशी आली की मासे पळत, गोगलगाय मात्र जागची हलत नसे. म्हणून हजारो पाणबुड्यांच्या फिल्मवर ती आली. छायाचित्रकारांची ती लाडकी झाली, त्यात तिच्या रंगांइतकाच तिच्या संथपणाचा वाटा आहे.

रंग परत मिळाला फ्लॅशमुळे. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषतं. काही मीटर खाली गेलं की लाल वस्तू काळपट दिसू लागते. एमआयटीचे हॅरल्ड एजर्टन 1950 च्या दशकात कूस्तोबरोबर काम करू लागले आणि विजेच्या क्षणिक झोताचं त्यांचं तंत्र समुद्रात उतरलं. जवळून घेतलेल्या चित्रात या झोताला वाट थोडीच कापायची असते, म्हणून रंग जवळपास पूर्ण परत येतो. मात्र मूळ आकाराएवढ्या प्रतिमेत स्पष्ट दिसणारा थर फार तर दोन-तीन मिलिमीटरचा. शिंगं स्पष्ट आली की शेपटी धुरकट होते. श्वास घेताना पाणबुड्याचं शरीर थोडं वर उचललं जातं, तेवढ्यानेही चित्र जातं.

जवळून टिपण्याचा आणखी एक फायदा कोकणाला विशेष लागू आहे. मालवण-तारकर्लीचं पाणी लक्षद्वीपसारखं नितळ नाही. गाळ आणि प्लवक यांमुळे चार हातांवरचा खडक अनेकदा अंधुक दिसतो. अशा पाण्यात दूरची देखणी दृश्यं मिळत नाहीत. भिंग आणि प्राणी यांच्यात विताएवढंच पाणी ठेवलं, तर गढूळपणाला मध्ये यायला जागा उरत नाही. 1987 मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य घोषित झालं. तिथल्या खडकांवरची प्रवाळं आणि त्यांच्या आसऱ्याचे बारीक जीव याच पद्धतीने नीट टिपता येतात.

इलियटच्या चित्रकाराचं काम आपल्याकडे पद्धतशीर पुढे नेलं ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने. दीपक आपटे यांनी 2009 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात लक्षद्वीपच्या समुद्री गोगलगायींची आणि त्यांच्या भाईबंदांची नोंद छापली. तीत लक्षद्वीपला नव्या अशा 52 आणि भारताला नव्या अशा 40 जाती होत्या. एका अभ्यासात चाळीस! आपल्या समुद्राकडे आपण किती कमी पाहिलं होतं, हे सांगायला हा एक आकडा पुरेसा आहे. विशाल भावे यांच्याबरोबर पुढे रत्नागिरीच्या आणि इतर किनाऱ्यांवरच्या नोंदींचीही भर पडली. या नोंदींत जिवंत प्राण्याचं रंगीत छायाचित्र शोभेपुरतं नसतं, त्यावरच ओळख उभी राहते.

पाण्याखाली फिल्म बदलता येत नसे, म्हणून एका बुडीत 36 चित्रांचीच मर्यादा असे; ती डिजिटल कॅमेऱ्याने संपवली. मग खिशात मावणारे जलाभेद्य कॅमेरे आले. काहींचं भिंग एक सेंटिमीटरवरूनही टिपतं, त्यामुळे ओहोटीच्या खळगीत हात घातला तरी काम होतं. मुंबईत 2017 मध्ये प्रदीप पाताडे, सिद्धार्थ चक्रवर्ती आणि अभिषेक जमालाबाद यांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ सुरू केलं. हाजी अली, जुहू, गिरगाव इथल्या खडकांवर लोकांना नेऊन प्राणी दाखवायचे, त्यांना धक्का न लावता छायाचित्रं घ्यायची आणि ती तारीख-ठिकाणासह आयनॅचरलिस्ट या सार्वजनिक संकेतस्थळावर नोंदवायची, असं हे काम. सांडपाण्याने काळवंडलेल्या किनाऱ्यावर प्रवाळं, समुद्रफुलं आणि समुद्री गोगलगायी आहेत हे मुंबईकरांना त्यातून कळलं.

अशा नोंदींचं वजन मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या वेळी दिसलं. प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. ती वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर आहेत, हे नाकारता येईना. 2019 च्या जुलैत उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारा-नियमन परवानगी रद्द केली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीनंतर काम पुन्हा सुरू झालं आणि 2020 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेमार्फत तिथली प्रवाळं दुसरीकडे हलवण्यात आली. रस्ता थांबला नाही. पण नोंद नसती, तर ती प्रवाळं भरावाखाली गेली असती आणि ती तिथे होती हेही कोणाला कळलं नसतं.

हे सगळं मी रामदासपेठेत बसून लिहितो आहे. इथून मुंबईचा समुद्र रेल्वेने आठशे किलोमीटरच्या पुढे. नागपूरच्या बी.एस्सी.च्या मुलांची समुद्राशी ओळख होते ती प्रयोगशाळेतल्या काचेच्या बरण्यांमधून. डोरिस, अप्लिसिया अशी चिठ्ठी आणि आत फिकट पिवळा, रंग गेलेला देह. हेच नमुने परीक्षेत ओळखायचे. तरी समुद्र आपल्याला अगदीच परका नाही. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली इथे दख्खनच्या लाव्हाच्या थरांमधल्या गाळात समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म कवचधारी जीवांचे जीवाश्म सापडले आहेत. गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ते प्रसिद्ध केलं. नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे त्यांत होते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा फाटा मध्य भारतात आत आला होता, असा त्यांचा निष्कर्ष. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान असलेल्या त्या कवचांची ओळख पटली तीही सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या चित्रांवरूनच.

दिवाळीच्या सुट्टीत विदर्भातली कितीतरी कुटुंबं मालवणला जातात आणि पाण्याखालचं स्वतःचं एक छायाचित्र घेऊन परततात. ते जरूर घ्यावं. पण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी चांगली उतरते, तेव्हा तास-दोन तास खडकांतल्या खळग्यांसाठीही ठेवावेत. दगड उलटला तर पुन्हा होता तसा ठेवावा, प्राणी उचलून हातात घेऊ नये. चित्र घेताना त्याच्या शेजारी मोजपट्टी धरावी आणि तारीख, वेळ, ठिकाण लिहून ते आयनॅचरलिस्टसारख्या सार्वजनिक नोंदीत द्यावं. अभ्यासकांच्या उपयोगी पडतं ते अशी माहिती जोडलेलं चित्रच.