हिमावरील चाके

कडाक्याच्या थंडीत साध्या टायरचे रबर कठीण होते आणि बर्फावर चाकाची पकड सुटते. यावर फिनलंडने १९३४ साली मालमोटारींसाठी व १९३६ साली प्रवासी मोटारींसाठी खास हिवाळी टायर काढले. १९६० नंतरच्या दशकात टायरांत धातूचे खिळे बसवण्याची पद्धत रूढ झाली. बर्फावर त्यांना तोड नव्हती. परंतु बर्फ सरताच तेच खिळे डांबर कुरतडीत. १९८० नंतर जपानमधील साप्पोरो आणि सेंदाई या शहरांची हवा त्या धुळीने कोंदून गेली.

१९८८ साली ब्रिजस्टोन कंपनीने सच्छिद्र, थंडीतही मऊ राहणाऱ्या रबराचा बिनखिळ्यांचा टायर आणला. १९९० मध्ये खिळ्यांच्या टायरांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. हवा निवळली. मात्र खिळ्यांनी खरखरीत होणारा बर्फ आता चाकांखाली घासून आरशासारखा गुळगुळीत होऊ लागला आणि साप्पोरोचे पादचारी घसरून पडू लागले.

तेव्हा टायरचे मोल केवळ पकड आणि किंमत यांवरून ठरत नाही. मोटारीत बसलेल्याच्या सुरक्षिततेचे मोल पायी चालणारा किती चुकवतो, तेही हिशेबात धरावे लागते.