सवलत आणि सामर्थ्य : अध्ययन अक्षमतेच्या इतिहासातील दोन धागे

ठाणे जिल्ह्यातील बारवी धरणाच्या पाण्यावर अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर ही शहरे वाढली, तशा तेथील शाळाही वाढल्या. मात्र राज्यातील इतर वर्गांप्रमाणे येथेही, बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत सतत अडखळणारी मुले दीर्घकाळ ‘ढ’ गणली गेली. या अडचणीला अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनातील अडचण ती डिस्लेक्सिया, लेखनातील डिस्ग्राफिया आणि गणनातील डिस्कॅल्क्युलिया.

१८९६ साली इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या ज्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली, त्याला साधे शब्द वाचणेही फार जड जात होते. तरी सारे शिक्षण तोंडी झाले असते तर तो शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत त्याच नोंदीत आहे. म्हणजे उणीव आणि सामर्थ्य या दोन्ही गोष्टी आरंभीच एकत्र नोंदल्या गेल्या होत्या.

महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत अधिकृत सवलती मिळू लागल्या : जादा वेळ, लेखनिक, आणि बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित व कार्यानुभव, म्हणजे हाताने करून शिकण्याचा विषय. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या संस्थांत तपासणी होऊन मिळे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अक्षमतेला देशभर मान्यता दिली. या व्यवस्थेने असंख्य मुलांचे शिक्षण वाचवले. परंतु प्रमाणपत्राचा आधार उणीव हाच असल्याने मुलाच्या आवडीला कागदावर जागा उरली नाही.

ती जागा कोठे शोधावी, याचे उत्तर तत्कालीन ठाणे जिल्ह्यातच सापडते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला जे काम केले, ते अध्ययन अक्षमतेसाठी नव्हते. तरीही गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवताना आणि बिया, खडे, पाने यांतून शिकवताना त्यांनी मुलाला जे येते तेथूनच आरंभ केला.

बारवीच्या परिसरातील शाळांनी हे दोन धागे जोडले पाहिजेत. कार्यानुभव हा केवळ गणिताला पर्याय म्हणून न उरता चित्र, यंत्रदुरुस्ती, शेती किंवा संगीत यांतील मुलाची गती ओळखण्याचे साधन व्हावा, आणि तपासणीच्या अहवालात ‘काय येत नाही’ याइतक्याच काळजीने ‘काय येते’ हेही लिहिले जावे. कारण सवलतीने मूल परीक्षेत टिकते, पण पुढील आयुष्य ते आपल्या बलस्थानांवरच उभे करते.