डायल-अप मोडेम : तारेतील खरखर

बोलण्यासाठी आखलेल्या सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पट्ट्यातूनच डायल-अप मोडेम संकेत धाडतो. त्यामुळे तारेत खरखर असली की वेग घसरतो, जोडणी तुटते आणि दोष बहुधा उगाचच मोडेमच्या माथी येतो. निदान आधी कानाने करावे. रिसिव्हर उचलून एखादा आकडा फिरवला, की डायल टोन थांबतो. त्या शांततेत तार ऐकू येते. एकसुरी घूं घूं असेल तर जवळच्या विजेच्या तारांचा उपद्रव समजावा. तडतड बहुतेकदा सैल किंवा गंजलेल्या सांध्याची. पावसाने केबलमध्ये पाणी शिरले की ती वाढते. मग समांतर फोन काढून, तार घरात शिरते तिथेच मोडेम जोडून पाहावा. खरखर थांबली तर दोष घरातल्या वायरिंगचा. नाहीतर लाइनमनला बोलवावे.